समाचाराला आलेले शहाणे

११ जानेवारी १९८७, रविवार

ईयोबाकडे उंट किती होते? तीन हजार. मेंढरं? सात हजार. गाढवी? पाचशे. बायका? एक. तिचं नाव काय?

इथे माझा नवरा मखलूफ अडला. "शास्त्रात दिलेलं नाही," म्हणाला.

म्हणजे गाढवी मोजून लिहिल्या आणि बायकोपाशी आल्यावर शाई संपली! मी म्हटलं, तिच्या बाजूने बोलल्याशिवाय मला राहवत नाही बघ. दहा पोरं तिनेही जन्माला घातली होती, तिचीही गेली. ती एकदाच तोंड उघडते, त्यात देवाला दोन शब्द सुनावते, आणि तेवढ्यावरून तिला आजवर मूर्ख म्हणतात. मखलूफ म्हणाला, प्रश्नांच्या कार्डावर जे लिहिलंय तेवढंच विचार.

मार्चमध्ये बेरशेबा शहरात शिक्षकांची शास्त्राची स्पर्धा आहे. यंदा विषय शहाणपणाची पुस्तकं. शहाणा शलमोन राजा, देवाने परीक्षा म्हणून ज्याचं सगळं काढून घेतलं तो ईयोब, ती सगळी मंडळी. आमच्या येरुहामातून मखलूफने नाव दिलंय. दुसरं देणार कोण? गावात कुणालाही काही अडलं की लोक त्याच्याकडे येतात. मुलाचं नाव काय ठेवू, भावाशी बोलू की नको, स्वप्नात दात पडला. मखलूफ डोळे मिटतो आणि नेमकं वचन काढून देतो. औषधाच्या दुकानासारखं.

रोज जेवण झालं की मी भांडी घासता घासता प्रश्न विचारते. एक चुकत नाही. मात्र साखरेचा डबा कुठे असतो हे लग्नाला तीस वर्षं होत आली तरी त्याला सापडलेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

परवा शुक्रवारी रात्री सुलिका आणि प्रॉस्पेर सब्बाथच्या जेवणाला होते. सुलिका म्हणजे मखलूफची धाकटी बहीण. समोरच्या जिन्यात राहते. नवरा लवकर गेला, एकुलता एक प्रॉस्पेर. कारखान्याची पिकअप चालवतो. वल्हांडणाच्या सणानंतर त्याचं लग्न आहे, इलानाशी.

मखलूफने द्राक्षारसाचा पेला हातात घेऊन सद्गुणी बायकोचं गाणं म्हटलं, दर शुक्रवारी म्हणतो तसं. ती पहाटेच्या आधी उठते, सूत कातते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, तिचा दिवा विझत नाही. आणि नवरा? नवरा वेशीपाशी पंचांत बसतो. बस. एवढंच त्याचं काम! मी पाळणाघरातल्या सगळ्या पोरांचं रांधून, घरी येऊन मासे शिजवून, लादी पुसून बसले होते. मी म्हटलं, आमेन.

प्रॉस्पेर म्हणाला, "मामा, हे सगळं शलमोनाच्या घरचं ना? त्याला हजार बायका. हजार बायका करणाऱ्या माणसाला शहाणा म्हटलं कुणी?"

मखलूफने त्याला शलमोनाच्या शहाणपणाचे पुरावे दिले, क्रमवार. तोवर प्रॉस्पेरने मामाच्या ताटातला मासा संपवला. सुलिका इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला वाचता येत नाही. भाऊ बोलायला लागला की ती त्याच्याकडे बघते, जशी आपण रेडिओकडे बघतो.

२५ जानेवारी, रविवार

मखलूफ म्हणतो शहाणपणाची सुरुवात देवाच्या भयात आहे. माझी कॉफीत आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रॉस्पेर गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहून बघते.

मंगळवारी आभाळ निळंशार होतं. मी खिडक्या पुसत होते. पाऊस पडला तो दूर डोंगरात, आदल्या रात्री. इथे थेंब नाही. बेरशेबाच्या आडरस्त्यावर जो ओढा लागतो, वर्षभर कोरडा, बकऱ्या ज्यात बसतात, त्यात पाणी भिंतीसारखं आलं. प्रॉस्पेर पिकअप घेऊन मधोमध होता. गाडी खाली बरीच दूर उलटी सापडली. वाळवंटातल्या बदावी धनगरांना दिसली. त्यांनी त्याला बाहेर काढलं, अंगावर घोंगडी घातली, आणि पोलीस येईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिले.

काल पुरलं.

सुलिका सात दिवसांच्या सुतकात जमिनीवर गादीवर बसली आहे. गळ्याशी कपडा फाडलाय. आरशांवर चादरी. दार उघडं, माणसं येतात जातात. उकडलेली अंडी आणि मसूर मी नेऊन ठेवते, तशीच परत आणते.

आता मखलूफचं सांगते. दरवर्षी तो वर्गात शिकवतो: ईयोबाचे मित्र आले, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि सात दिवस एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. पुढे बोलायला लागले आणि सगळी घाण केली. म्हणूनच आपल्यात सुतकाच्या घरी, ज्याचं माणूस गेलंय तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. हे तो इतकं छान सांगतो की पोरींच्या डोळ्यांत पाणी येतं.

काल तो बहिणीसमोर बसला आणि लगेच बोलायला लागला. सोनं आगीत का घालतात. बाप लेकराला शिक्षा का करतो. चांगली माणसं आधी का नेली जातात, कुठल्या संकटातून वाचवायला. थांबेना. मी डोळे वटारले, खोकले, शेवटी त्याच्या पायावर पाय दिला. पाय बाजूला घेतला आणि चालूच. सुलिका त्याच्या गुडघ्याकडे बघत बसली होती.

८ फेब्रुवारी, रविवार

आज खालच्या मजल्यावरची रोझेट. तिचं म्हणणं दृष्ट लागली. लग्न ठरलं हे सुलिकाने बाजारात मोठ्याने सांगितलं म्हणून. सांगायला नको होतं म्हणे. मग काय कानात सांगायचं होतं? रोझेटच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नात लाऊडस्पीकर होता!

संध्याकाळी रब्बी आमराम आले. चांगला माणूस आहे, पण देवाच्या घरचा हिशेब स्वतःच ठेवतो असं वागतो. दाराच्या चौकटीवरची, घर राखते म्हणतात ती मेझुझाची डबी काढली, आतलं वचनाचं चर्मपत्र उलगडलं, भिंग लावलं. सगळे श्वास धरून. मग मान हलवली. एका अक्षराला तडा गेला होता.

खोलीत हुश्श झालं. खरंच झालं, मी ऐकलं. कारण सापडलं! जो तो आपापल्या दाराची डबी आठवायला लागला.

म्हणजे एका अक्षराला तडा गेला म्हणून देवाने सव्वीस वर्षांचं पोर नेलं? मग देवापेक्षा आमच्या नगरपालिकेतला कारकून बरा. तो अर्जात चूक असली तर अर्ज परत पाठवतो.

हे मी मोठ्याने बोलले नाही. इथे लिहिते. देवाला वाचायचं असेल तर वाचू दे.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज गिदोन, मखलूफच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर. देवाबिवाचं नाव नाही. मला बरं वाटलं. पण त्याने खिशातून पेन काढलं आणि पेपराच्या समासात ओढ्याचं चित्र काढून सुलिकाला दाखवलं. डोंगर इथे, उतार असा, इथली माती पाणी पीत नाही, म्हणून लोंढा येतो. अगदी साधं आहे, म्हणाला.

सुलिकाने चित्र बघितलं. नीट बघितलं. मग विचारलं, "आणि माझा मुलगा यात कुठे आहे?"

गिदोनने पेन खिशात ठेवलं.

तेवढ्यात मखलूफ सुरू झाला. जगाचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असं देव माणसाला विचारतो, आणि या प्रश्नातच कसं उत्तर आहे, वगैरे. सुलिका आठवडाभरात पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बोलली. आवाज चढवला नाही.

"दादा, तुला सगळं पाठ आहे. माझं पोर परत येईल असं एक वाक्य त्यात असेल तर म्हण. नसेल तर घरी जा."

मखलूफ उठला. दारात त्याला टोपी सापडेना. डोक्यावरच होती.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल सुतक उठलं. रीतीप्रमाणे सुलिकाला घेऊन इमारतीला फेरी मारली, बायका दोन्ही बाजूंनी. मखलूफ मागून बराच लांब चालत होता. वाटेवरच्या कुणालाही वाटलं असतं, हा पत्ता विचारायला आलाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

मखलूफ बोलत नाही. प्रश्नांची कार्डं कपाटावर पडून आहेत. लोक दाराशी येतात, कुणाला वचन हवं, कुणाला नाव हवं. तो सांगतो, बघून सांगतो. पाठ असलेला माणूस आता बघून सांगणार!

पहिले दोन दिवस मला शांतता आवडली, खोटं कशाला बोलू. आता नाही आवडत. घरात पाहुणा असल्यासारखा वावरतो. काल साखरेचा डबा स्वतः शोधून काढला. तेव्हा मी घाबरले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ईयोबाचा शेवट मी आज स्वतः वाचला. कार्डं नाहीत तर पुस्तक घेतलं. शेवटी देव त्याला सगळं परत देतो. उंट दुप्पट, मेंढरं दुप्पट. आणि मुलं पुन्हा दहा, सुंदर मुली वगैरे. झालं, हिशेब मिटला.

हे ज्याने लिहिलं त्याला मूल नसणार. पोरं म्हणजे काय चहाचे पेले? सेट फुटला, नवा आणला?

मखलूफला म्हटलं. वाटलं, चिडेल, वाद घालेल, तासभर ऐकावं लागेल. खरं तर तेच हवं होतं मला. तो म्हणाला, "हो, मलाही कधी कळलं नाही ते."

तीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

त्याचं काय चाललंय ते कळलं.

तो रोज शाळेत कॅनव्हासचे बूट घालून जातो. बागकामाचे, टाचेला माती. सुतकात चामड्याचं पायात घालत नाहीत, म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. पण मामाला सुतक नसतं आणि ते उठूनही कितीतरी दिवस झाले. आज दुपारी म्हटलं, पुरे आता, काळे बूट काढ, मुख्याध्यापक काय म्हणतील.

"काळे बूट बेरशेबाला आहेत," म्हणाला.

मी भाजी चिरत होते. म्हटलं, बेरशेबाला काय करतायत?

मग खुर्चीवर बसला आणि सांगितलं. स्पर्धेसाठी तळ बदलून घ्यायला त्याने ते जानेवारीतच प्रॉस्पेरबरोबर चांभाराकडे पाठवले होते. त्या मंगळवारी सकाळी जिन्यात प्रॉस्पेर भेटला. मखलूफ त्याला म्हणाला, आज जमलं तर बूट आण रे. प्रॉस्पेर म्हणाला, बघतो मामा.

एवढंच. "आज जमलं तर."

मी सुरी खाली ठेवली.

म्हणजे तो बहिणीसमोर बसून जे आठवडाभर बडबडत होता, सोनं आणि आग आणि जगाचा पाया, त्या सगळ्याखाली एक जोड बूट होते. गप्प बसला असता तर ते वर आले असते.

मग त्याने विचारलं, "फ्रेहा, तिला सांगू का?"

आख्खा गाव याला विचारतो आणि हा मला विचारतोय. मी म्हटलं, नको. तिचं काय उरलंय? भाऊ. तोही काढून घेणार का तिच्याकडून?

तो म्हणाला, "मग मी तिच्याकडे बघू कसा?"

१ मार्च, रविवार

जेवत नाही. काल सब्बाथची डाफिना, त्याच्या आवडीची, रात्रभर मंद आचेवर ठेवलेली, अंडी तपकिरी झालेली. दोन घास. सभामंदिरात त्याला पाठ म्हणायला बोलावलं तर घसा बसलाय म्हणाला.

मी मत बदललं. म्हटलं, सांग तिला. तिने हाकललं तर हाकललं. आधीही हाकललंच आहे.

६ मार्च, शुक्रवार

काल महिना झाला म्हणून कबरीवर गेलो होतो. परत आल्यावर सुलिका स्वयंपाकघरात हिरव्या पावट्याच्या शेंगा सोलायला बसली. मी तिच्यासमोर. मखलूफ दारात उभा. बस म्हटलं तरी बसला नाही.

सांगितलं त्याने. वचन नाही, दाखला नाही. चांभार, बूट, जिना, "आज जमलं तर". अर्ध्या मिनिटात संपलं. एवढ्या छोट्या गोष्टीने माणूस महिनाभर उपाशी राहतो.

सुलिकाने हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे भांड्यात टाकले. मग म्हणाली, "बुटांना? नाही रे दादा. तो बेरशेबाला जातच नव्हता. निघताना मला म्हणाला, मामाचे बूट गुरुवारी आणीन, आज शहरात जायचं नाही."

मखलूफने विचारलं, "मग तिकडे कुठे चालला होता?"

"मी पण विचारलं. हसला. सांगितलं नाही."

"म्हणजे का गेला ते..."

"माहीत नाही," सुलिका म्हणाली. "बस आता. शेंगा सोल."

मला वाटलं होतं त्याचा चेहरा सैल होईल. आधी तसं झालं नाही. कुणीतरी खिसा कापल्यासारखा उभा राहिला. मग माझ्या लक्षात आलं. हा माणूस अपराधसुद्धा उत्तर म्हणूनच धरून बसला होता! रोझेटकडे दृष्ट, रब्बीकडे अक्षर, गिदोनकडे माती, आणि याच्याकडे बूट. "माझ्यामुळे" हेही एक कारणच. निदान कारण तर आहे. सुलिकाने तेवढंही काढून घेतलं. आता हातात काही नाही. पोर एका निळ्या सकाळी कुठेतरी निघालं आणि पाणी आलं.

मग तो बसला, आणि रडला. मोठ्याने, नाक पुसायचं भान नाही. सुलिकाने त्याच्यापुढे शेंगांचा ढीग सरकवला. त्याने सोलल्या, निम्म्या कच्च्याच खाल्ल्या.

मला वाटतं, एवढ्या शहाण्यांत मला एकटीलाच हे नीट कळलंय. लिहून ठेवते, कारण असं रोज वाटत नाही.

९ मार्च, सोमवार

घोरतोय. देवा, तुझे उपकार, आणि थोडे कमी केलेस तरी चालतील.

१३ मार्च, शुक्रवार

स्पर्धेला जाणार नव्हता. सुलिकाने पाठवलं. म्हणाली, प्रॉस्पेर हसेल तुला, एवढं घोकलं आणि घरी बसला. काल आम्ही दोघं बेरशेबाला गेलो, बसने, मोठ्या रस्त्याने. बूट आणायला मी चांभाराकडे जाते म्हटलं, तर नको म्हणाला. कॅनव्हासच्या बुटांत स्टेजवर चढला. मी रात्री घासून ठेवले होते.

सभागृह भरलेलं. समोर टेबलाशी तीन परीक्षक, त्यातला मधला विद्यापीठातला, दाढी अशी की शलमोनाने मागून घ्यावी. मखलूफने सुरुवातीला सगळं फटाफट सांगितलं. मुंगी कुणी कुणाला दाखवली, कोरड्या भाकरीचा तुकडा कशापेक्षा बरा, सगळं. पहिल्या दोघांत होता. आमच्या गावची मंडळी मागे शिट्ट्या मारत होती.

मग सोपा प्रश्न आला. शाळेतली पोरगी सांगेल असा. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ किती दिवस गप्प बसले?

मखलूफ माइकसमोर उभा. घड्याळ चालू. मागून कुणीतरी कुजबुजलं, सात, सात! तो ऐकत होता, मला दिसत होतं. शेवटी म्हणाला, "पुरेसे नाहीत."

परीक्षक म्हणाला, आकडा सांगा. मखलूफ म्हणाला, "आकडा तुमच्याकडे लिहिलेला आहे. मी सांगतोय ते उत्तर आहे."

चूक धरली. चौथा आला. बक्षीस म्हणून त्याच पुस्तकाची नवी प्रत मिळाली, घरात सात आहेत. बसमध्ये रोझेटचा नवरा म्हणाला, मास्तर, सोप्यात अडकलात. मखलूफ म्हणाला, हो ना. आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

आज शुक्रवार. गाणं म्हणायची वेळ झाली तेव्हा पेला त्याने माझ्या हातात दिला. म्हणाला, मेहनत तुझी, तूच म्हण. मी गाणं म्हटलं नाही, पण द्राक्षारस सगळा प्यायले.

(शुक्रवारी अंधार पडला की सब्बाथ लागतो, काम बंद, लिहायचंही नसतं. माहीत आहे. तो झोपलाय.)

१७ मार्च, मंगळवार

गच्चीवर सुलिकाबरोबर चादरी वाळत घालत होते. ती म्हणाली, "वहिनी, तो त्या दिवशी बुटांनाच गेला होता. जाताना सांगून गेला, मामाचं काम आहे, लवकर येतो."

मी चिमटा चादरीला लावला. मग विचारलं, मखलूफला हे कधी सांगणार?

"कशाला?" म्हणाली. "मला एकच भाऊ आहे."

आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.